सातारची फिलहार्मोनिक

१९११ साली साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ नावाची संस्था निघाली. लंडनमध्ये अशा नावाची सोसायटी १८१३ पासून होती. तिच्याकडे नामांकित वादकांचा ताफा होता आणि बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीसाठी तिने पैसे मोजले होते. साताऱ्याच्या संस्थेची भिस्त मात्र एका गवयाच्या गळ्यावर, एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरच्या मोजपट्टीवर आणि एका इंग्रज न्यायाधीशाच्या हट्टावर होती. आपल्या संगीतातले बावीस स्वर नेमके कुठे आहेत ते मोजून दाखवायचं आणि ते सगळे वाजवणारी पेटी बनवून घ्यायची, हे त्यांनी ठरवलेलं काम. ते पुरतं तडीस गेलं नाही. तरीही महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासात या संस्थेला आज मिळते त्यापेक्षा कितीतरी मोठी जागा द्यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

त्या काळचा नकाशा आधी डोळ्यांपुढे आणायला हवा. सातारा हा इंग्रजी अमलाखालचा जिल्हा. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं. आजचा सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगलीचं नाव मिळालं. गाणं मात्र कधीच या हद्दी मानत नव्हतं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेच्या दरबारात होते. त्यांच्याकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ मध्ये मिरज सोडून बाहेर पडले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ करून मराठी रंगभूमीची सुरुवात केली होती. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात गाणारे, वाजवणारे आणि गाण्यावर तावातावाने वाद घालणारे अशा तिन्ही जातींचे लोक भरपूर होते.

कृष्णाजी बल्लाळ देवल त्यांतले तिसऱ्या जातीचे. ‘शारदा’ लिहिणारे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे हे बंधू. सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टरपर्यंत चढले आणि निवृत्तीनंतर सांगलीत राहून त्यांनी गाण्याच्या शास्त्रात डोकं घातलं. महसूल खात्यात उमर घालवलेल्या माणसाची एक सवय असते: कागदावर लिहिलेली हद्द आणि जमिनीवरची हद्द जुळते का, ते साखळी टाकून पाहायचं. देवलांनी तीच सवय ग्रंथांना लावली. भरताच्या नाट्यशास्त्रापासून शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’पर्यंत सगळे सांगतात की सप्तकात बावीस श्रुती आहेत. मग त्या कुठे आहेत? तारेवर बोट ठेवून दाखवता येतील का?

असा प्रश्न त्याच वेळी पडावा याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे पेटी. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तयार झालेलं हार्मोनियम इथे आलं, कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याला मांडीपुढे घेऊन हाताने भाता मारता येईल असं रूप दिलं आणि बघता बघता ते घरोघर पोचलं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आल्यानंतर संगीत नाटकाची जी लाट उसळली, तिने पेटीला आणि पुढे ऑर्गनला मानाचं स्थान दिलं. सारंगीला शिकायला वर्षं लागतात. पेटी मात्र गावातल्या शाळामास्तरालाही जमते. भजन, कीर्तन, नाटक, घरची शिकवणी, सगळीकडे सूर मिळवायला पेटीच. पण पेटीचे बारा स्वर युरोपातल्या पियानोसाठी ठरवलेले, सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करून बसवलेले होते. गवयी त्या स्वरांत गात नव्हते.

देवलांनी हे कसं पकडलं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. एका लांब लाकडी खोक्यावर तार ताणायची आणि खाली सरकती घोडी ठेवायची. समजा तार ३६ इंचांची आहे आणि ती मोकळी छेडली की षड्ज वाजतो. घोडी १८ इंचांवर आणली की वरचा षड्ज, २४ वर पंचम, २७ वर मध्यम. एवढं अहोबलाच्या ‘पारिजाता’सारख्या जुन्या ग्रंथांतही तारेच्या लांबीनिशी सांगितलेलं होतं. आता गवयाला एखाद्या रागातला धैवत लावायला सांगायचा आणि त्याच्या स्वरात तार विरघळून जाईपर्यंत घोडी सरकवायची. दोन स्वर थोडे जरी हटलेले असले तरी त्यांच्यात लहर उठते, कानाला ठोके ऐकू येतात. ते ठोके मंदावत थांबले की समजायचं, जागा सापडली. मग फूटपट्टी लावायची. एका रागात धैवत २१.६ इंचांवर मिळतो, दुसऱ्यात २१.३३ इंचांवर. फरक पाव इंचाचा. पण षड्जाची कंपनं सेकंदाला २४० धरली तर पहिल्या धैवताची ४०० होतात आणि दुसऱ्याची ४०५. हे दोन्ही एकत्र वाजवले तर सेकंदाला पाच ठोके पडतात. कुणाही जाणत्या माणसाला ते खुपतील.

याच हिशेबाने बावीसचा आकडा बसतो. षड्ज आणि पंचम अचल, त्यांचं एकेकच रूप. उरलेल्या दहा स्वरांची प्रत्येकी दोन रूपं, एक किंचित उतरलेलं, एक किंचित चढलेलं. दोन आणि वीस मिळून बावीस. शुद्ध गंधार ३०० किंवा ३०३.७५ कंपनांचा, कोमल गंधार २८४.४ किंवा २८८ चा. आणि पेटी? तिचा शुद्ध गंधार ३०२.४, कोमल गंधार २८५.४, धैवत ४०३.६. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पेटीचा स्वर दोन्ही रूपांच्या मधे पडतो, म्हणजे कुठल्याच रागाचा होत नाही. ही आकडेमोड आज शाळकरी मुलालाही करता येईल. पण १९१० च्या आसपास, जेव्हा पेटीला अख्खा महाराष्ट्र डोक्यावर घेऊन नाचत होता, तेव्हा कागदपेन्सिल घेऊन हे मांडायला हिंमत लागत होती.

आता तो गवयी कोण, हे सांगायला हवं. अब्दुल करीम खाँ १८७२ साली उत्तरेत किराणा गावी सारंगियांच्या घराण्यात जन्मले. बडोद्याच्या दरबारात गात असताना सरदार मान्यांच्या घरच्या ताराबाईंशी त्यांचं मन जुळलं आणि दोघांनी बडोदं सोडलं. पुढे संसार मिरजेला लागला. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर हिचा जन्म १९०५ चा, मिरजेचाच. खाँसाहेब प्लेगने आजारी पडले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात बरे झाले, असं मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात; दर्ग्याच्या उरुसात ते हजेरी लावत, हे तर सर्वश्रुतच आहे. नाजूक, टोकदार आवाज, स्वरावर रेंगाळणारी गायकी आणि तंबोरा लावण्याचं वेड. खाँसाहेब बीन वाजवत, वाद्यं स्वतः दुरुस्त करत आणि तंबोऱ्यांची जोडी मनाजोगी लागेपर्यंत तोंडातून स्वर काढत नसत.

आणि हे तंबोरे मिरजेचे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाने, शस्त्रं बनवणाऱ्या शिकलगारांच्या घरातल्या माणसांनी, तलवारींचा धंदा बसल्यावर तंबोरे घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून बनणारे ते तंबोरे पुढे देशभर गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हा तपशील इथे आणतो, कारण या सगळ्या श्रुतिवादाची किल्ली त्यातच आहे. जवारी नीट बसलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्या पोटातून गंधार ऐकू येतो. तो गंधार कुणी लावलेला नसतो, तारेच्या स्वभावातून आपोआप उमटतो, आणि तो असतो बरोबर ३०० कंपनांच्या नात्यातला. पेटीच्या ३०२.४ चा नव्हे. खाँसाहेबांसारखा कलावंत रोज तासन्‌तास त्या गंधारात बसलेला असे. देवलांना हवा होता तो साक्षीदार मिरजेत, सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, तयार होता.

या दोघांच्या भेटीतून ‘द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज’ हे पुस्तक १९१० साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून बाहेर आलं. पुस्तकावर लेखक म्हणून एकट्या देवलांचं नाव आहे. तो काळच तसा होता, गवयाने गायचं आणि पदवीधराने लिहायचं. खाँसाहेबांचा गळा आणि कान नसते तर त्या पुस्तकातला एकही आकडा उभा राहिला नसता, तेव्हा आज त्याचा उल्लेख करताना दोन्ही नावं बरोबरीने घ्यावीत.

तिसरा माणूस म्हणजे अर्नेस्ट क्लेमंट्स. भारतीय सनदी सेवेतला, न्यायखात्यातला अधिकारी. साताऱ्यात नेमणुकीवर असताना त्याला देवलांच्या कामात रस वाटला आणि तो रस पुढची दीड दशकं टिकला. युरोपात या विषयावर बरंच काम झालेलं होतं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ध्वनीच्या संवेदनेवर मोठा ग्रंथ लिहिला होता, अलेक्झांडर एलिसने तो इंग्रजीत आणला होता आणि १८८५ मध्ये जगभरच्या स्वरसप्तकांची मोजमापं प्रसिद्ध केली होती. बोसांकेट नावाच्या इंग्रज अभ्यासकाने त्याआधीच, १८७७ मध्ये, हिंदू सप्तकाच्या विभागणीवर लिहिलं होतं. पण ही माणसं पुस्तकातून आणि वाद्यांवरून बोलत होती. क्लेमंट्सच्या समोर जिता-जागता गवयी बसलेला होता. त्याने १९१३ साली लंडनमध्ये भारतीय संगीताची ओळख करून देणारं पुस्तक छापलं आणि त्यात रागांचे स्वर श्रुतींच्या खुणांसकट युरोपीय स्वरलिपीत उतरवले.

फिलहार्मोनिक सोसायटी याच मैत्रीतून उभी राहिली. पुण्यात १८७४ पासून ‘पूना गायन समाज’ होता, पण तिथे मुख्य काम शिकवण्याचं आणि जलशांचं. साताऱ्याच्या संस्थेने शास्त्र आणि वाद्य ही दोन कामं अंगावर घेतली. १९१८ मध्ये तिच्या नावाने ‘रागाज ऑफ हिंदुस्तान’ निघालं. त्याआधी, संस्था निघाली त्याच सुमाराला, लंडनच्या मूर अँड मूर कंपनीत एक खास हार्मोनियम तयार झालं. एच. कीटली मूर या जाणकाराने त्याच्या रचनेत लक्ष घातलं होतं. एकाच सप्तकात बावीस श्रुती वाजवू शकणारं हे वाद्य म्हणजे ‘श्रुती हार्मोनियम’. सांगलीच्या माणसाचं गणित, मिरजेचा गळा, साताऱ्याचा पाठपुरावा आणि लंडनची कारागिरी!

क्लेमंट्सच्या भूमिकेत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. संस्थानांच्या मिरवणुकांत तेव्हा पितळी बँड आले होते, नाटकात ऑर्गन होता, घरात पेटी होती, आणि हे सगळं पुढारलेपणाचं लक्षण मानलं जात होतं. त्या वेळी एक इंग्रज सांगत होता की ही वाद्यं जशीच्या तशी घेऊ नका, त्यांच्यामुळे तुमचे स्वर बिघडतील. १९१६ साली त्याने युरोपीय वाद्यांच्या हिंदुस्थानातल्या वापरावर स्वतंत्र टिपणच लिहिलं. पण औषध म्हणून त्याने सुचवली ती पुन्हा पेटीच, फक्त जास्त स्वरांची. तिथेच घोटाळा झाला.

त्याच वर्षी २० ते २५ मार्च या काळात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे सूत्रधार विष्णु नारायण भातखंडे. व्यवसायाने वकील, बुद्धीने धारदार आणि हिंदुस्थानभर फिरून उस्तादांकडून चिजा गोळा केलेले. देवलांचं पुस्तक निघालं त्याच १९१० मध्ये भातखंड्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा पहिला भाग मराठीत प्रसिद्ध झाला होता. आजच्या संगीताला नियम हवेत, तर ते आज गायल्या जाणाऱ्या रागांतून काढायचे आणि बारा स्वरांच्या पायावर मांडायचे, असा त्यांचा आग्रह होता. बावीस श्रुतींची कंपनं मोजून ती जुन्या ग्रंथकारांच्या नावावर खपवणं त्यांना मान्य नव्हतं. ग्रंथांत कंपनांचं गणित नाही, मग हे आकडे भरताचे कशावरून? हा प्रश्न त्यांनी वकिली चिवटपणाने लावून धरला.

परिषदेत श्रुतींवर जोरदार वाद झाला. तंजावरहून अब्राहम पंडितर आले होते. त्यांचं म्हणणं श्रुती बावीस नसून चोवीस आहेत असं होतं आणि ते सिद्ध करायला त्यांच्या मुलींनी वीणेवर प्रात्यक्षिक दाखवलं. क्लेमंट्स-देवलांच्या श्रुती हार्मोनियमचीही तिथे परीक्षा झाली. जमलेल्या गवयांनी त्या पेटीचे स्वर आपले म्हणून स्वीकारले नाहीत. देशातल्या सगळ्यात जाणत्या श्रोत्यांपुढे ही पेटी हरली आणि त्यानंतर ती सावरली नाही. भातखंड्यांची बारा स्वरांची मांडणी मात्र पुढे शाळा-कॉलेजांत गेली, परीक्षांत गेली आणि आजचा संगीताचा विद्यार्थी तिच्यावरच वाढतो.

भातखंडे बरोबर होते का? ग्रंथांच्या बाबतीत बहुतांशी होते, असं मला वाटतं. देवलांचे आकडे १९१० सालच्या एका थोर गायकाच्या गळ्यातले आहेत, ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या भरताच्या तोंडी घालता येत नाहीत. पण देवलांच्या कामाची खरी किंमत ग्रंथाच्या समर्थनात नव्हतीच. एका जिवंत कलावंताचा कान हा पुरावा म्हणून टेबलावर ठेवला गेला, त्याच्या स्वरापाशी तार नेऊन मोजली गेली, ही त्यातली नवी गोष्ट. भातखंड्यांनी गवयांकडून चिजा घेतल्या, पण शास्त्राच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबायला ते तयार नव्हते. देवलांनी शास्त्रासाठीच गवयाचा दरवाजा ठोठावला. श्रुतींच्या वादाच्या गर्दीत हा फरक हरवला, याचं वाईट वाटतं.

आणि पेटी का हरली, याचं उत्तरही गाण्यातच आहे. दरबारीचा गंधार २८४ वर की २८८ वर, हे विचारताना आपण गृहीत धरतो की तो कुठेतरी एका जागी उभा आहे. तो उभा नसतो. तो झुलतो, खालून रिषभाला स्पर्श करत आंदोलित होतो, आणि त्या झुलण्यातच दरबारी असते. धातूच्या पट्टीचा स्वर, मग त्या बारा असोत की बावीस, दाबला की जिथल्या तिथे वाजतो. मींड त्यातून निघत नाही. देवलांची मोजपट्टी स्थिर, लांबवलेल्या स्वरांसाठी चोख होती, आणि खाँसाहेब तसा स्वर लावण्यात अद्वितीय होते. पण त्यांचं गाणं त्या स्वरांच्या मधल्या प्रवासातही होतं.

खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. काही वर्षांनी घर मोडलं, ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि खाँसाहेब मिरजेला परतले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीकडे जाताना वाटेत सिंगपेरुमलकोइल स्टेशनवर त्यांचा देह पडला. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या संगीतसभेत गायला मिळणं हा अजूनही मान समजला जातो. क्लेमंट्सने १९२७ पर्यंत व्याख्यानांची आणखी पुस्तकं छापली. सोसायटीचं नाव हळूहळू फक्त ग्रंथालयांच्या सूचीत उरलं.

वाद मात्र संपला नव्हता. मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने आपल्या कार्यक्रमांतून हार्मोनियमला बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षं चालली. साताऱ्याला १९११ मध्ये जे खटकलं होतं तेच कारण पुढे करून! फरक एवढाच की साताऱ्याच्या लोकांनी पेटीला पर्याय शोधण्याचा प्रयत्न केला होता. रेडिओने नुसतं दार बंद केलं आणि दोन पिढ्यांच्या उत्तम पेटीवादकांचं नुकसान केलं. खाँसाहेबांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी गुरूचा श्रुतींचा ध्यास सोडला नाही. ‘श्रुतिदर्शन’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला आणि खाँसाहेबांचं मोठं मराठी चरित्रही सिद्ध केलं. त्या काळातल्या मिरजेचा, तंबोऱ्यांचा आणि रियाजाचा जो तपशील आज आपल्या हाती आहे त्यातला बराचसा त्यांच्यामुळे आहे.

अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींचं हार्मोनियम पुन्हा तयार केलं. त्यात प्रत्येक स्वराला खटका आहे. राग सुरू करण्याआधी वादक ठरवतो की आज धैवत चढा हवा की उतरता, आणि त्याप्रमाणे खटके लावून घेतो. षड्ज-पंचमाला खटका नाही, कारण त्यांचं रूप एकच. दोन अचल आणि दहांची दोन-दोन रूपं, ही देवलांचीच मांडणी, शंभर वर्षांनी पुन्हा लाकडात आणि धातूत उतरलेली. मींडेचा प्रश्न या पेटीनेही सोडवलेला नाही, पण गाणाऱ्याच्या लांबवलेल्या गंधाराशी ती भांडत नाही. साताऱ्याच्या सोसायटीने लंडनच्या कारखान्याकडून मागितलं होतं ते एवढंच.